परसातली पिझ्झा भट्टी : आधी चौथरा, मग घुमट

पिझ्झाची भट्टी म्हटली की डोळ्यांसमोर येतो तो विटांचा गोल घुमट आणि त्याच्या तोंडातून दिसणारी ज्वाळ. मोबाईलवर असा फोटो दाखवून ‘हे बांधून द्या’ असे गवंड्याला सांगणारी दोन-तीन घरे आमच्याच तालुक्यात आहेत. घुमटाखाली काय आहे ते मात्र फोटोत दिसत नाही. आमच्या परसात गेल्या काही महिन्यांत झालेले सगळे काम घुमटाच्या खालचे आहे. घुमट अजून उभा राहायचा आहे. तरीही डोकेफोडीचा मोठा भाग संपला, असे आम्ही म्हणतो, म्हणून हा लेख फक्त चौथऱ्याचा.

हौसेपलीकडचे एक कारण यामागे होते. आमचा धाकटा मुलगा सहा वर्षे कुवेतला एका इटालियन हॉटेलात भट्टीवर काम करत होता. करार संपवून तो हिवाळ्यात घरी आला. हॉटेलवाले परत बोलावत आहेत. त्याचे म्हणणे असे की, गणपतीपुळ्याकडे जाणाऱ्या गाड्या शनिवार-रविवारी आपल्या दारावरून जातात, तर पावसाळा सोडून एक वर्ष घरूनच पिझ्झा विकून पाहू. त्याने बाजूला काढलेल्या पैशांत भट्टी एकदाच होणार होती. ती खचली किंवा तडकली तर दुसरी बांधायला पैसा नाही. मग विमानाचे तिकीट, आणि पुन्हा वर्षातून एकदा येणे. त्यामुळे त्याच्या अम्मीने पहिल्याच दिवशी सांगितले, ‘घुमट वाकडा झाला तरी चालेल, पण पाया हलता कामा नये.’

आधी वजनाचा हिशेब. आतून तीन फूट रुंदीचा घुमट घ्यायचे ठरले. एका वेळी दोन मध्यम पिझ्झे बसतील आणि बाजूला विस्तव राहील, एवढी ती जागा. साडेचार इंच जाडीच्या अग्निविटा, त्यावर उष्णता अडवणारा थर, गिलावा आणि धुराडे धरून घुमट पाऊण ते एक टनाचा होतो. त्याखालचा स्लॅब आणि भिंती मिळवल्या की जमिनीवर येणारे ओझे तीन टनांच्या पुढे जाते. पाच फूट बाय सहा फूट जागेत एखादी भरलेली टेम्पो कायमची उभी करण्यासारखेच हे आहे. हा आकडा कागदावर मांडेपर्यंत आमचे गवंडीमामा हसत होते. ‘चुलीला आरसीसी कशाला? आपली जमीन कातळाची आहे,’ असे ते म्हणत. त्यांची बाजू अगदीच खोटी नव्हती.

जागा ठरवायला मात्र आम्ही गवंडी बोलावण्याआधी आठ दिवस घेतले. रोज अस्रनंतर आणि पुन्हा मगरिबनंतर परसात लोबान जाळून धूर कुठे जातो ते पाहिले. किनाऱ्याजवळ दुपारपासून वारा समुद्राकडून येतो. पहिली ठरवलेली जागा स्वयंपाकघराच्या मागे, पाण्याच्या नळाजवळ होती. सोय उत्तम, पण धूर सरळ शेजारच्या खालांच्या खिडकीत जात होता. खालांना जुना दमा आहे. आम्ही दोघे त्यांच्याकडे जाऊन बसलो आणि सगळे सांगितले. त्या म्हणाल्या, ‘पोरगा गावात राहणार असेल तर मी कशी नको म्हणू? पण ओले लाकूड जाळायचे नाही, आणि माझे वाळवण असेल त्या दिवशी भट्टी पेटवायची नाही.’ दोन्ही अटी मान्य करून जागा ईशान्येच्या कोपऱ्यात नेली. तिथून धूर काजूच्या बागेकडे जातो. भट्टीचे तोंड पूर्वेला ठेवले, म्हणजे संध्याकाळचा वारा पाठीवर येईल, तोंडातून आत शिरून विस्तव विस्कटणार नाही. रात्री उशिरा वारा जमिनीकडून फिरला की धूर आमच्याच घरात येणार. त्याला इलाज नाही, आणि न्यायाने पाहिले तर ते बरोबरही आहे.

जागा निवडताना आणखी तीन गोष्टी पाहाव्यात. वर नारळ किंवा विजेची तार नको. खाली शोषखड्डा नको. आणि घराच्या लाकडी वाशांपासून, गवताच्या उडवीपासून भट्टी चांगली लांब हवी. ठिणगी उडाली की ती मालक कोण ते विचारत नाही.

नव्या कोपऱ्यात आम्ही पहार मारून पाहिली. एका बाजूला अर्ध्या फुटावर कातळ खणखणला. दुसऱ्या बाजूला पहार दीड फूट आत गेली, कारण तिथे पूर्वी खताचा खड्डा होता आणि तो मातीने बुजवलेला होता. अर्धे कठीण आणि अर्धे भुसभुशीत, ही चौथऱ्यासाठी सगळ्यात वाईट जमीन. सगळी जमीन सारखी दबली तर भट्टी दबते, पण तुटत नाही. एकच बाजू दबली की स्लॅबला मुरड पडते आणि भेग वर घुमटापर्यंत चढते. जवळच्या एका खानावळीत भरावाच्या मातीवर बांधलेली भट्टी पहिल्याच पावसाळ्यानंतर एका अंगाला कलली. आम्ही गवंडीमामांना ती दाखवायला घेऊन गेलो. परतताना ते काही बोलले नाहीत, पण दुसऱ्या दिवशी भुसभुशीत बाजू त्यांनी स्वतःच कातळ लागेपर्यंत खणून काढली. त्यात दगडांचे सोलिंग ठोकून बसवले, वर काँक्रीटचा पातळ थर दिला आणि मग साडेपाच बाय साडेसहा फुटांचा, सहा इंच जाडीचा, सळयांची जाळी घातलेला पायाचा स्लॅब ओतला. त्याची वरची पातळी जमिनीपासून सहा इंच उंच ठेवली. रत्नागिरीकडे वर्षाला ३००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. जोत्याशिवाय इथे कोंबड्यांचे खुराडेसुद्धा बांधू नये.

हे रमजानच्या आधी झाले. रमजानमध्ये काम थांबवले. रोजा ठेवून भर उन्हात घमेली उचलायला कोणाला सांगायचे? शिवाय त्या काळात पाया निवांत पक्का झाला.

ईदनंतर भिंती. विटांच्या घ्यायच्या की जांभ्याच्या, यावर घरात दोन तट पडले. आमच्याकडे चिरा दाराशी मिळतो आणि वीट लांबून येते. शेवटी खालच्या भिंती चिऱ्याच्या केल्या, नऊ इंच जाडीच्या, तीन बाजूंनी. पुढची बाजू मोकळी ठेवली, म्हणजे आत लाकूड कोरडे राहते. चिरा इथे चालतो, कारण इथपर्यंत उष्णता येत नाही. आगीच्या अंगाला मात्र जांभा कधीही लावू नये. तो सच्छिद्र असतो, पाणी पितो, आणि ओला दगड एकदम तापला की फुटू शकतो. ज्यांच्याकडे वीट स्वस्त आहे, त्यांनी साध्या पक्क्या विटांच्या भिंती बांधाव्यात. काहीच बिघडत नाही.

भिंतींची उंची मनाने ठरवायची नसते. ती वरून खाली मोजत यावी लागते. भट्टीची फरशी वापरणाऱ्याच्या कोपराच्या आसपास हवी. त्याहून खाली असली की दर पिझ्झ्याला कंबर वाकते, वर असली की आतला विस्तव दिसत नाही. मुलगा उंच, त्याची अम्मी ठेंगणी, म्हणून मधला आकडा ४० इंच धरला. त्यातून अग्निविटेचे ३ इंच, उष्णतारोधक थराचे ४, स्लॅबचे ५ आणि जोत्याचे ६ इंच वजा केले. उरले २२ इंच. चिऱ्याचे तीन थर सांध्यांसकट बरोबर तेवढे भरले. ही वजाबाकी आधी केली नाही, तर चूक कळते ती घुमट झाल्यावर.

भिंतींवरचा स्लॅब म्हणजे सगळ्या भट्टीचा तळहात. खाली साडेतीन फुटांचा गाळा मोकळा, आणि वर भट्टीचे पूर्ण ओझे. एक भाग सिमेंट, दीड भाग वाळू, तीन भाग खडी असा माल घेतला. आडव्या सळया १० मिलिमीटरच्या, सहा-सहा इंचांवर, आणि त्या स्लॅबच्या खालच्या अंगाला. ओझ्याने स्लॅब मध्ये झुकू पाहतो तेव्हा ताण खालच्या पोटावर येतो, म्हणून सळई तिथेच हवी. पण ती सेंट्रिंगच्या फळीला टेकूनही चालत नाही. पाऊण ते एक इंचाचे काँक्रीट तिच्याखाली राहिले पाहिजे, नाहीतर खाऱ्या हवेत गंज धरतो आणि काही वर्षांत पापुद्रे सुटतात. किनाऱ्यावरच्या जुन्या गच्च्या ज्यांनी खालून पाहिल्या आहेत, त्यांना हे सांगायला नको. पुढच्या मोकळ्या कडेला दोन सळया जास्त घातल्या. मग १४ दिवस गोणपाट टाकून सकाळ-संध्याकाळ पाणी मारले आणि त्यानंतरच टेकू काढले. पाणी मारण्याचे काम अम्मीने कोणाला दिले नाही.

आता तो थर, जो गवंडीमामांना शेवटपर्यंत पटला नाही. स्लॅबवर थेट विटा ठेवल्या तर भट्टी तापते, पण फरशीची उष्णता खाली काँक्रीट शोषत राहते. पिझ्झा वरून करपतो आणि खालून पांढरा राहतो. पावाच्या भट्टीची गोष्ट वेगळी. ती रोज पेटते, तिचे अंग कधी पूर्ण थंड होत नाही, त्यामुळे जाड वस्तुमान तिला उपयोगी पडते. आठवड्यातून दोनदा पेटणाऱ्या घरगुती भट्टीला उष्णता साठवण्यापेक्षा अडवणे महत्त्वाचे. त्यासाठी रोपवाटिकेत कुंड्यांसाठी मिळतो तो व्हर्मिक्युलाइट घेतला. मापाने पाच भाग व्हर्मिक्युलाइट, एक भाग सिमेंट, आणि पाणी बेताचे. हाताला भिजवलेल्या पोह्यांसारखे लागते. ते थापीने अलगद पसरायचे असते, ठोकून बसवायचे नसते. आतली हवाच उष्णता अडवते, ती दाबून काढली तर थर घालून उपयोग काय? ‘हे काय काँक्रीट आहे? नखाने निघेल,’ असे मामा म्हणाले. निघतेच. पण सपाट दाब ते व्यवस्थित पेलते.

या थराचा एकच शत्रू, पाणी. तो भिजला की लाकडाची अर्धी उष्णता ओल उडवण्यात जाते. म्हणून स्लॅबमध्ये ओल निथळायला बोटभर जाडीची दोन भोके ठेवली आणि चौथऱ्यावर पत्र्याचे छप्पर आधीच उभे केले. कोकणात छप्पर ही शेवटची शोभा नव्हे.

अग्निविटा कोल्हापूरहून आणल्या. तिथे ओतकामाचे कारखाने असल्यामुळे त्या आणि फायर क्ले दोन्ही मिळतात. परतीच्या रिकाम्या टेम्पोत आंबा घाटातून आल्या, म्हणून भाडे परवडले. पिवळसर, जड, मातीच्या जातीची वीट मागावी. पांढरी हलकी वीट उष्णता अडवायला असते, फरशीला ती टिकत नाही. फरशीला आणि तोंडापुढच्या पट्टीला मिळून पन्नासेक विटा लागल्या. वाळू आणि फायर क्लेच्या पातळ कोरड्या गादीवर त्या चुन्या-सिमेंटाशिवाय, नुसत्या अंगाला अंग लावून बसवल्या. तापल्यावर वीट फुगते, तिला हलायला जागा हवी, आणि पुढेमागे एखादी फुटली तर काढून बदलता येते. मुलाने प्रत्येक सांध्यावरून तळहात फिरवला. एका विटेची कड केसभर वर आली तरी पिझ्झ्याचे लांब फावडे तिथे अडते आणि सगळे सारण विस्तवात सांडते, हे त्याने कुवेतला पाहिलेले.

व्यवसायासाठी भट्टी बांधणाऱ्यांनी आपल्या गावचे नियम आधी विचारावेत. मुंबईत जानेवारी २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने लाकूड-कोळशावरच्या बेकऱ्यांना स्वच्छ इंधनाकडे वळायला सांगितले. तिथे आज नवी लाकडाची भट्टी विक्रीसाठी बांधणे शहाणपणाचे नाही. आमच्याकडे ग्रामपंचायतीत विचारून आलो, आणि अन्नपदार्थ विकण्याची नोंदणी मुलगा करतो आहे.

खर्चाचे आकडे आम्ही मुद्दाम दिलेले नाहीत, कारण निम्मी रक्कम वाहतुकीची असते आणि ती प्रत्येक गावाची वेगळी. एवढे सांगतो की हात आखडायचाच असेल तर घुमटाच्या बाहेरच्या टाइल्सवर, रंगावर आखडावा.

सध्या फरशीवर ताडपत्री आहे, पण चारही बाजूंनी वारा खेळेल अशी, कारण घट्ट गुंडाळली तर ओल आतच कोंडते. घुमट पावसाच्या आधी उभा राहिला तरी लगेच मोठा जाळ करणार नाही. महिनाभर सुकू देऊन मग आठवडाभर रोज थोडा थोडा विस्तव, पहिल्या दिवशी नुसत्या काटक्यांचा. हॉटेलवाल्यांना मुलाने बकरी ईदनंतर उत्तर देतो असे कळवले आहे. खालांनी तोवर सुरूच्या वाळलेल्या लाकडांची एक मोळी स्वतःच्या पडवीतून पाठवून दिली, आणि निरोप दिला की पहिल्या दिवशी विस्तव निवत आला की त्यांची नानकटाई आत जाणार.