संगणकाचीही रोजकीर्द असते

गिऱ्हाईक समोर उभे, बिल अर्धे झालेले आणि वीज गेली! भिवंडी-मालेगावच्या आमच्या व्यापारी बांधवांना हा प्रसंग नवा नाही. वीज परत येते, संगणक चालू होतो. पण उधारीची फाईल उघडेल की नाही, या धास्तीने जीव टांगणीला लागतो. ही धास्ती बरीच कमी करणारी सोय संगणकातच असते. तिला जर्नलिंग म्हणतात. आम्ही तिला रोजकीर्द म्हणतो, कारण ती आहेच तशी.

जुन्या पेढीवर मुनीम थेट खतावणीला हात लावीत नसे. व्यवहार आधी रोजकीर्दीत उतरे, मग खातेवार खतावणी होई. मुनीम मध्येच उठून गेला, तरी कीर्द पाहून राहिलेले काम दुसरा कोणीही पुरे करू शके.

डिस्कवर फाईल साठवणे हे एक काम दिसते, पण त्यात तीन-चार कामे असतात. मोकळी जागा अडवायची, फाईलच्या नोंदीत ती जागा व आकार लिहायचा, फोल्डरमध्ये नाव घालायचे आणि मजकूर उतरवायचा. यातली दोनच झाली आणि वीज गेली, तर जागा अडलेली पण तिला मालक नाही. किंवा त्याहून वाईट म्हणजे एकाच जागेवर दोन फायलींचा दावा! कीर्द नसेल तर संगणकाला सारी डिस्क धुंडाळून मेळ घालावा लागतो. विंडोज 98 मध्ये अशा वेळी ‘स्कॅनडिस्क’ सुरू होई, ते यासाठीच. लिनक्सच्या जुन्या एक्स्ट-2 पद्धतीतही हाच त्रास होता. चार-दोन जीबीच्या डिस्कचे काही मिनिटांत भागे. शेकडो जीबीच्या डिस्कला मात्र तास-तास लागत, आणि तोवर दुकानाचे काम बंद.

कीर्द असली की संगणक ‘मी अमुक बदल करणार आहे’ हे आधी एका राखीव जागेत लिहितो, नोंद पुरी झाल्याची खूण करतो आणि मगच मूळ जागी बदल करतो. वीज आल्यावर तो फक्त तेवढी कीर्द वाचतो. खूण असलेल्या नोंदी पुऱ्या करतो, अर्धवट नोंदी टाकून देतो. डिस्क कितीही मोठी असो, हे काम बहुधा काही सेकंदांत उरकते.

ही सोय आयबीएमच्या एआयएक्समध्ये 1990 साली आली, तर विंडोज एनटीमध्ये एनटीएफएसच्या रूपाने 1993 साली. लिनक्सला स्टीफन ट्वीडी यांचे एक्स्ट-3 2001 साली मिळाले. त्याची आम्हाला आवडलेली गोष्ट अशी की, डिस्क न पुसता जुन्या एक्स्ट-2 लाच कीर्द जोडता येई.

मात्र गैरसमज नको. ही कीर्द सहसा जागा, नाव, आकार यांच्या नोंदींचीच असते. फाईलमधल्या मजकुराची नसते. मजकुरासकट कीर्द ठेवता येते, पण मग सारे दोनदा लिहावे लागते व काम मंदावते. म्हणजे सेव्ह न केलेले बिल ती परत आणणार नाही. डिस्कच जळाली, तर तिच्याबरोबर कीर्दही गेली. म्हणून रोज रात्री हिशेबाची वेगळी प्रत काढणे आणि यूपीएस ठेवणे सुटत नाही.

पेनड्राइव्हवर बहुधा फॅट-32 किंवा एक्सफॅट असते. दोन्हींत कीर्द नाही. एम्ब्रॉयडरीच्या अनेक मशिनी फॅट-32 च मागतात, तेव्हा कारागीर भाईंनी पेनड्राइव्ह तसाच राहू द्यावा, पण नक्षीची मूळ फाईल संगणकावर ठेवावी. कित्येकजण वर्षाचा हिशेबही पेनड्राइव्हवरच चालवतात, ते आम्हाला पटत नाही.

आपल्या डिस्कचे काय, हे विंडोजमध्ये ड्राइव्हवर उजवी कळ दाबून ‘प्रॉपर्टीज’ उघडल्यास ‘फाईल सिस्टिम’पुढे दिसते. तेथे फॅट-32 असेल, तर ‘कन्व्हर्ट’ या आज्ञेने फायली न पुसता एनटीएफएस करता येते. आधी प्रत काढावी. त्याच आज्ञेने परत फॅट-32 करता येत नाही.