कपात झाली, हिशेब कुठे?

निवृत्तिवेतन ही मालकाने खुशीने दिलेली बक्षिसी नव्हे, ते आयुष्यभराच्या सेवेतून मिळवलेले हक्काचे वेतन आहे, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने १७ डिसेंबर १९८२ रोजी नाकरा खटल्यात दिला. निवृत्त कर्मचारी हा दिवस आजही पेन्शनर दिन म्हणून पाळतात. त्याच वर्षीच्या महाराष्ट्र नागरी सेवा (निवृत्तिवेतन) नियमांनी राज्यातल्या जुन्या पिढीच्या शिक्षकांना शेवटच्या वेतनाच्या निम्म्याएवढ्या पेन्शनची आणि तीवर महागाई वाढीची हमी दिली. त्या व्यवस्थेत पेन्शनसाठी शिक्षकाच्या पगारातून काहीच कापले जात नसे, त्यामुळे हिशेब मागण्याचाही प्रश्न नव्हता. १ नोव्हेंबर २००५ पासून नव्याने लागलेल्यांसाठी हे चित्र बदलले. पेन्शनची रक्कम अनिश्चित झाली, यावर गेली वीस वर्षे मोर्चे निघाले आणि विधिमंडळात चर्चाही झाल्या. पगारातून कपात ठरल्याने त्याच दिवसापासून शासन शिक्षकाच्या पैशाचे विश्वस्तही झाले. ही विश्वस्ताची जबाबदारी मात्र कायम मागे पडली. वीस वर्षांचा मागोवा घेतला, तर शिक्षकांचे मोठे नुकसान या हेळसांडीतून झालेले दिसते.

नव्या परिभाषित अंशदान योजनेची, म्हणजे डीसीपीएसची, रचना कागदावर सोपी होती. मूळ वेतन आणि महागाई भत्ता यांच्या १० टक्के रक्कम शिक्षकाकडून कापायची, तेवढाच शासन हिस्सा त्यात घालायचा, वर व्याज द्यायचे आणि दरवर्षी हिशेबाची चिठ्ठी हाती ठेवायची. केंद्राने आपल्या कर्मचाऱ्यांसाठी १ जानेवारी २००४ पासून आणलेल्या व्यवस्थेचेच हे भावंड. पण जिल्हा परिषदा आणि खासगी अनुदानित शाळांत ही साखळी जागोजागी तुटली. अनेक जिल्ह्यांत प्रत्यक्ष कपात सुरू व्हायलाच काही वर्षे लागली. पुढे कपात सुरू झाली तरी शासन हिस्सा वेळेवर जमा होईना. सहाव्या वेतन आयोगाच्या थकबाकीचे हप्ते रोखीने न देता याच खात्यात वळवले गेले, पण ते नेमके कुठे नोंदले गेले याचा पत्ता अनेकांना लागला नाही. आंतरजिल्हा बदली झालेल्यांची रक्कम जुन्या जिल्ह्यातच अडकून पडली. पगाराच्या पावतीवर कपात दर महिन्याला दिसे, वर्षाअखेरची चिठ्ठी मात्र येत नसे, आणि आलीच तर तिच्यात महिनेच्या महिने कोरे असत.

राज्य कर्मचाऱ्यांच्या पाठोपाठ शिक्षकांनाही राष्ट्रीय निवृत्तिवेतन योजनेत, एनपीएसमध्ये, नेण्याचे ठरले, तेव्हा ही सगळी थकलेली कामे एकदम वर आली. ‘आधी हिशेब, मग अर्ज’ अशी भूमिका शिक्षक संघटनांनी घेतली. तिला आडमुठेपणा म्हणून हिणवले गेले, पण तिच्यामागचे गणित पक्के होते. एनपीएसमध्ये पैसा बाजारात गुंतवला जातो. तो जितका लवकर पोहोचेल तितका वाढतो. एक लाख रुपये पाच वर्षे उशिरा जमा झाले आणि दरसाल ९ टक्के चक्रवाढ धरली, तर त्या पाच वर्षांतली सुमारे ५४ हजारांची वाढ हातची जाते. उशिराच्या काळाचे व्याज शासनाने भरून दिले तरच हा खड्डा बुजतो, आणि व्याज किती द्यायचे हे ठरवायलाही आधी महिनावार हिशेब लागतो. शिवाय निवृत्तीच्या वेळी साठलेल्या रकमेतले किमान ४० टक्के वार्षिकीत गुंतवावे लागतात आणि तिच्यातून येणाऱ्या मासिक रकमेवर महागाई भत्ता चढत नाही. म्हणजे तरुणपणी गहाळ झालेला हप्ता म्हातारपणी दर महिन्याला नडतो. हा दोष एकट्या महाराष्ट्राचाही नाही. महालेखापरीक्षकांच्या २०२० मध्ये संसदेत मांडलेल्या अहवालाने केंद्रातही नोंदणी आणि भरणा यांतल्या दिरंगाईवर बोट ठेवले होते.

१४ ते २० मार्च २०२३ या काळात शासकीय कर्मचारी आणि शिक्षकांचा राज्यभर संप झाला आणि जुन्या पेन्शनची मागणी ऐरणीवर आली. या मागणीवर एक गंभीर आक्षेप आहे. रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०२३ च्या बुलेटिनमधील अभ्यासानुसार राज्ये जुन्या पेन्शनकडे परतली, तर त्यांचा एकूण बोजा एनपीएसच्या साडेचार पटींपर्यंत जाऊ शकतो. शेतकरी, मजूर आणि पेन्शनच नसलेले करदाते हा भार का सोसतील, हा प्रश्न रास्त आहे आणि घोषणांनी तो सुटणार नाही. पण हिशेबाच्या मागणीला हा आक्षेप लागू होत नाही. कापलेली रक्कम नोंदवणे, ठरलेला हिस्सा वेळेवर भरणे आणि उशिराचे व्याज देणे हा तिजोरीवरचा नवा बोजा नव्हे. ते आधीच मान्य केलेले देणे आहे. राज्याची आर्थिक स्थिती कितीही नाजूक असली, तरी दुसऱ्याच्या पगारातून कापलेल्या पैशाचा हिशेब लांबवण्याचा अधिकार त्यातून मिळत नाही.

दुसरा आक्षेप असा की आता हमी परत आली, मग जुन्या नोंदी कशाला उकरायच्या? ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्राने एकीकृत निवृत्तिवेतन योजना मंजूर केली आणि लगोलग महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळानेही ती स्वीकारली. २५ वर्षांच्या सेवेला शेवटच्या १२ महिन्यांच्या सरासरी मूळ वेतनाच्या ५० टक्के पेन्शन, हे तिचे आश्वासन. केंद्राच्या नियमांत मात्र एक अट आहे. प्रत्येकाच्या खात्यातली रक्कम एका आदर्श रकमेशी ताडून पाहिली जाते आणि ती कमी भरली, तर तफावत भरून काढावी लागते, नाहीतर पेन्शन त्या प्रमाणात घटते. ही आदर्श रक्कम प्रत्येक हप्ता वेळेवर भरला गेला असे धरूनच काढतात. म्हणजे हमीच्या योजनेतही कोऱ्या महिन्यांची किंमत मोजावी लागू शकते, आणि ती शिक्षकानेच का मोजावी, याचे उत्तर शासनाने आधी द्यायला हवे.

शाळा हजारो, वेतन पथकांत माणसे कमी आणि कागद जुने, हा प्रशासनाचा युक्तिवादही पूर्ण खोटा नाही. पण पगाराची देयके शासनाच्याच कार्यालयांतून मंजूर झाली आणि पुढे ती शालार्थ या ऑनलाइन वेतन प्रणालीत आली. म्हणजे कपातीचा पुरावा शासनाच्याच ताब्यात आहे. तरीही निवृत्त शिक्षकाला जुन्या पावत्या घेऊन पंचायत समिती ते जिल्हा परिषद असे हेलपाटे घालावे लागणे, हा पुराव्याचा भार उलट्या खांद्यावर टाकण्याचा प्रकार आहे. प्रत्येक जिल्ह्याने डीसीपीएसचा महिनावार ताळमेळ ठरलेल्या मुदतीत जाहीर करावा. कपात दिसते पण जमा दिसत नाही, तिथे शिक्षकाचा दावा खरा धरून व्याजासह भरपाई द्यावी. निवृत्त आणि दिवंगत शिक्षकांची प्रकरणे सर्वांत आधी हाती घ्यावीत, कारण पुढे दुरुस्ती होईल म्हणून थांबण्याइतका वेळ त्यांच्यापाशी उरलेला नाही. योजना जुनी असावी की नवी, यावर मतभेद राहतील आणि ते राहू द्यावेत. विश्वस्ताने हिशेब द्यावा, यावर मात्र मतभेदाला जागा नाही, आणि तो हिशेब मिळेपर्यंत कोणत्याही नव्या हमीवर विश्वास ठेवा, असे शिक्षकांना सांगण्याचा नैतिक अधिकार शासनाला नाही.