पडाव

२०२३च्या नोव्हेंबरात २५, २६ आणि २७ अशा तीन सुट्ट्या ओळीने आल्या. शनिवार, रविवार आणि सोमवारी गुरुनानक जयंती. मुलांना तंबूत झोपायला न्यायचे वचन दिवाळीपासून थकले होते. थोरला नऊ वर्षांचा, धाकटी पाचची. तंबू नवा, अजून घडीही न मोडलेला. नंदुरबारहून निघालो, प्रकाशाला तापी ओलांडली, शहादा मागे टाकले आणि सातपुड्याचा घाट चढून तोरणमाळला पोहोचलो.

हवामान खात्याने उत्तर महाराष्ट्र आणि गुजरातला विजांसह पावसाचा इशारा दिला होता, हे मला ठाऊक होते. ते कबूल करूनच पुढचे सांगतो. पण नोव्हेंबरचा पाऊस तो काय असणार, चार थेंब पडतील, मुलांना मजाच वाटेल, असा हिशेब मी मनाशी केला. इशारे इतरांसाठी असतात, असे आपल्याला बहुतेक वेळा वाटते.

तोरणमाळ ज्यांनी पाहिलेले नाही त्यांच्यासाठी थोडे सांगायला हवे. अक्राणी तालुक्यात, समुद्रसपाटीपासून साडेतीन हजारांहून अधिक फूट उंचीवर हे पठार आहे. मधोमध यशवंत तलाव, जवळच गोरखनाथाचे देऊळ, पलीकडे सीताखाईची खोल दरी. महाशिवरात्रीला इथे यात्रेची गर्दी लोटते. एरवी पावरा आणि भिल्लांची विखुरलेली घरे, शेताशेतांतून जाणाऱ्या पाऊलवाटा आणि थंडी. महाबळेश्वरसारखी बाजारपेठ नसल्याने इथली संध्याकाळ अजून संध्याकाळीच होते.

तलावाच्या काठापासून थोडे वर, मोकळ्या उंचवट्यावर तंबू ठोकला. जागा देखणी होती, म्हणूनच चुकीची होती. खुंट्या ठोकत असताना शेजारच्या शेतातले एक म्हातारे बाबा येऊन उभे राहिले. बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, ''भाऊ, तुला घर नाही का?''

त्यांच्या मराठीत आदरार्थी बहुवचन नव्हते आणि ते बरेच वाटले. मी म्हटले, ''आहे ना बाबा, नंदुरबारला.'' ''मग पोरांना इथं का निजवतो?'' या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते. मुलांना निसर्ग कळावा वगैरे काहीतरी बोललो. ते हसले नाहीत. ''माझा मुलगा पण असाच झोपतो,'' म्हणाले. ''बायको, दोन पोरं. गुजरातमध्ये. उसाला गेले.''

शनिवारची रात्र छान गेली. रविवारी त्रिपुरी पौर्णिमा. चंद्र तलावात दिसेल, असे मुलांना सांगून ठेवले होते. दुपारपासून आभाळ भरत गेले. पश्चिमेकडे, गुजरातच्या अंगाला, जांभळ्या ढगांची भिंत उभी राहिली. उत्तरेकडून आलेल्या पश्चिमी झंझावाताची थंड हवा आणि अरबी समुद्रावरून येणारी बाष्पाची हवा एकत्र आली की आपल्याकडे हिवाळ्यात असे होते. त्या दिवशी गुजरातमध्ये वीज पडून वीसहून अधिक माणसे मेली, हे आम्हाला दुसऱ्या दिवशी कळले.

सातच्या सुमाराला वीज चमकली. थोरल्याला शाळेत शिकवलेले आठवले आणि तो मोठ्याने आकडे मोजू लागला. आवाज तीन सेकंदांत साधारण एक किलोमीटर जातो. पहिल्यांदा त्याचे सत्तावीस झाले. नंतर अठरा. त्याला गंमत वाटत होती, मला आता वाटत नव्हती. तिसाच्या आत गडगडाट ऐकू आला म्हणजे वीज दहा किलोमीटरच्या आत आली, आडोशाला जायची वेळ झाली, असे मानतात. आणि तंबू हा विजेपासून आडोसा नव्हेच. आम्ही तर उघड्या उंचवट्यावर होतो. अकरा झाले तेव्हा बायको म्हणाली, ''आता मोजू नका, उठा.''

सामान तसेच टाकून मुलांना कवेत घेऊन मोटारीकडे पळालो. अंतर शंभर पावलांचे, पण तेवढ्यात चौघेही नखशिखान्त भिजलो. मोटारीचे पत्र्याचे टप वीज बाहेरच्या बाहेर जमिनीत नेते, म्हणून काचा लावून, आतल्या पत्र्याला हात न लावता बसलो. गारा पडू लागल्या, तेव्हा टपावर कोणी खडी ओततेय असा आवाज झाला. धाकटी रडत नव्हती. ती थरथरत होती आणि गप्प होती, आणि तेच भिववणारे होते. लहान मुलांचे अंग वजनाच्या मानाने जास्त उघडे असते, त्यामुळे ती मोठ्या माणसांहून लवकर गारठतात. कोरडे कपडे तंबूत राहिले होते. बायकोने तिचे ओले कपडे काढले, मागच्या सीटवरची सतरंजी तिच्याभोवती गुंडाळली आणि तिला छातीशी धरले. तो तास मी आयुष्यात विसरणार नाही.

गडगडाट पूर्वेला सरकून अर्धा तास झाला, पाऊस मात्र चालूच होता, तेव्हा काचेवर बॅटरीचा उजेड पडला. बाबा प्लास्टिकचा कागद डोक्यावर घेऊन आले होते. काही न बोलता त्यांनी धाकटीला उचलले.

बांबूच्या कुडाच्या, शेणमातीने लिंपलेल्या भिंती, वर कौले, एका बाजूला शेळ्या बांधलेल्या, मधे चूल. मुलीला चुलीसमोर बसवले. आजींनी मक्याची भाकरी आणि आमचूर घातलेली उडदाची डाळ वाढली. मुलगी खाऊ लागली, बोलू लागली, शेळीचे नाव काय म्हणून विचारू लागली, तेव्हा आम्हा दोघांचा जीव खाली पडला.

आजींचा जीव मात्र खाली पडला नव्हता. त्या दर वीज चमकली की दाराशी जात आणि पश्चिमेकडे बघत. तिकडे, घाटाखाली आणि सीमेपलीकडे, सुरत जिल्ह्यातल्या कुठल्याशा शेताकडेला त्यांचा मुलगा, सून आणि दोन नातवंडे होती. मोठी सहाची, धाकटा अजून चालायला शिकत होता.

उसतोडीला दक्षिण गुजरातेत जाणे खानदेशाला नवीन नाही. यान ब्रेमन या डच समाजशास्त्रज्ञाने बारडोलीच्या साखर कारखान्यांकडे जाणाऱ्या या मजुरांवर १९७८ सालीच लिहून ठेवले आहे. मुकादम पावसाळ्यात उचल देतो, दिवाळीनंतर ट्रक भरून माणसे जातात, उन्हाळ्यात परततात. माणसे मोजायचे मापच 'कोयता', म्हणजे एक जोडपे. मुले या मापात येत नाहीत. जिथे मुक्काम पडतो त्या जागेला 'पडाव' म्हणतात. चार बांबू, उसाचे पाचट, वर प्लास्टिकचा कागद. कॅम्पिंगच्या दुकानात मी ज्या वस्तूसाठी साडेसात हजार मोजले, तिचेच हे भावंड. फरक इतकाच की आमच्या तंबूपासून शंभर पावलांवर मोटार होती.

बाबांनी एका कागदावर मुकादमाचा नंबर लिहून घेतलेला होता. त्यांच्याकडे फोन नव्हता. ''खाली गेलास की लाव,'' म्हणाले. ''पोरं बरी आहेत का, एवढंच विचार.''

सोमवारी सकाळी तंबू पाहिला. एक काठी मोडून कापड फाटले होते, आत घोटाभर पाणी. घडी घालायच्या भानगडीत न पडता तो बोचका करून डिकीत टाकला. नंदुरबारला शिरताना मिरचीच्या पथाऱ्यांवर बायाबापड्या भिजलेली लाल मिरची फावड्याने उलथत होत्या. वास नाकात भरला. तेही वर्षाचे पीक उघड्यावरच झोपलेले.

मुकादमाचा फोन सोमवारी लागला नाही. मंगळवारी लागला नाही. मुलगी शाळेतून आल्यावर विचारी, ''लागला?'' बुधवारी संध्याकाळी त्याने उचलला, दोन शिव्या कोणाला तरी दिल्या, आणि फोन बाबांच्या सुनेकडे दिला. कोप्या उडून गेल्या होत्या. रात्र सगळ्यांनी गावातल्या शाळेच्या व्हरांड्यात काढली. धान्य भिजले. धाकट्याला ताप होता, आता उतरला आहे. मंगळवारी सकाळी पुन्हा फडात गेलो, म्हणाली. मग तिने मलाच विचारले, ''आमचं घर गळलं का?''

नाही गळलं, मी सांगितले. आम्ही तिथेच झोपलो होतो.

हा निरोप वर पोहोचवायचा कसा, हा प्रश्न उरला होता. गुरुवारी सकाळी शहाद्याला गेलो आणि तोरणमाळला जाणाऱ्या एसटीच्या वाहकाला चिठ्ठी दिली. त्याने ती वाचली, घडी करून तिकिटांच्या पेटीत ठेवली आणि म्हणाला, ''देतो. म्हातारा रोज थांब्यावर येऊन उभा राहतोय.''