गण ते वग: तमाशाच्या मॅनेजरचा हिशेब

तंबूच्या दाराशी उभ्या असलेल्या मॅनेजरला तमाशा फारसा दिसत नाही. तो पाहत असतो पब्लिक. कुठल्या गाण्याला शिट्टी आली, बतावणी कुठे लांबली आणि मागची रांग बिडी ओढायला बाहेर पडली, सोंगाड्याच्या कुठल्या वाक्याला बायकांच्या बाजूनं हसू आलं, हे सगळं त्याच्या डोक्यात टिपलं जातं. कागदावर उतरतो तो फक्त गल्ला. पण उद्याच्या मुक्कामी कोणता आयटम वर घ्यायचा आणि कोणता गाळायचा, हे त्या डोक्यातल्या वहीवरून ठरतं.

खानदेशात ही परीक्षा पाहायची तर सारंगखेड्याला जावं. तापीकाठचं हे गाव आज नंदुरबार जिल्ह्यात आहे; १ जुलै १९९८ला तो जिल्हा वेगळा होईपर्यंत ते धुळ्यातच होतं. दत्तजयंतीला एकमुखी दत्ताची यात्रा भरते, घोड्यांचा बाजार लागतो आणि तमाशाचे तंबू पडतात. वेळही नेमकी. कापूस घरात आलेला किंवा विकलेला असतो. बोंडअळीनं मारलं, भाव पडला, तर घोडेबाजाराआधी तमाशाच्या तिकीटखिडकीला ते कळत असावं.

तिकिटाचा खेळ आणि सुपारीचा खेळ, हे दोन वेगळे धंदे आहेत. तिकिटाच्या खेळात तंबूला कनात असते, प्रेक्षक खिशातले पैसे टाकून आत येतो आणि आवडलं नाही तर दुसऱ्या रात्री शेजारच्या तंबूत जातो. त्याच्याइतका स्पष्ट समीक्षक दुसरा नाही. सुपारीत पैसे गाव देतं, खेळ उघड्यावर होतो आणि निवड आधीच होऊन गेलेली असते. नारायणगावला गुढीपाडव्याच्या सुमारास फडांच्या राहुट्या लागतात. तिथे गावोगावचे पंच येतात, चहा घेतात, घासाघीस करतात. बहुतेकदा पहिला प्रश्न नाचणाऱ्या बाया किती, हाच असतो. वग कोणता लावणार, हे विचारणारा पंच भेटला तर मॅनेजरनं त्याला खुर्ची द्यावी, असं माझं मत आहे. सुपारीच्या यात्रांचा हंगाम चैत्रात तापतो आणि वैशाखात बुद्धपौर्णिमेच्या आसपास आटोपतो. आपल्याकडे खानदेशात तोवर आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, होऊन गेलेली असते.

पारखायचं काय, ते तमाशाच्या बांधणीतच आहे. आधी गण, मग गवळण. तिच्यात मावशी आणि पेंद्या आलेच. मग बतावणी, रंगबाजी आणि शेवटी वग. गणाला कुणी गाळत नाही. गणपतीचं नाव आणि उशिरा येणाऱ्यांना बसायला अवधी, दोन्ही कामं त्यात होतात. गवळणीत मावशीची जीभ चालली पाहिजे. बतावणी म्हणजे सोंगाड्याची खरी कसोटी, आणि इथे नगर-पुण्याकडून आलेला फड अडतो. तिकडे हमखास टाळी घेणारा विनोद चाळीसगाव ओलांडला की थंड पडू शकतो. हुशार सोंगाड्या दुपारीच चहाच्या टपरीवर बसून गावातला विषय हेरतो आणि रात्री दोन वाक्यं अहिराणीत टाकतो. मग मॅनेजर निर्धास्त. वगाची संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडून मंजूर करून घ्यावी लागते, पण हजरजबाबीपणा कोण तपासणार? मंडळाकडे कागद जातो, सोंगाड्याची जीभ जात नाही.

अमेरिकेत विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कीथ कंपनीच्या व्हॉडव्हिल, म्हणजे विविध आयटमांच्या करमणुकीच्या, थिएटरांचे मॅनेजर पब्लिक टिपण्याचं हेच काम लेखी करत. सोमवारचा पहिला खेळ संपला की प्रत्येक आयटम किती मिनिटं चालला, टाळी कुठे पडली, काय कापावं, याचा अहवाल निघे. त्या वह्या आयोवा विद्यापीठात जपून ठेवलेल्या आहेत. त्यांच्या क्रमात सर्वांत मोठा कलावंत शेवटून दुसरा असे, कारण शेवटच्या आयटमला लोक कोट शोधायला उठत. तमाशानं मात्र आपला मोठा ऐवज, म्हणजे वग, अगदी शेवटी ठेवला. लोक बैलगाडीनं आलेले, परतायला उजाडायलाच हवं. पहाटेपर्यंत त्यांना जायचं कुठे होतं? रात्र फडाच्या बाजूनं होती.

आता ती तशी नाही. ध्वनिप्रदूषणाच्या २०००च्या नियमांनुसार रात्री दहा ते सकाळी सहा भोंगा बंद. राज्य सरकार वर्षातले जास्तीत जास्त पंधरा दिवस मध्यरात्रीपर्यंत सूट देऊ शकतं, पण त्या दिवसांत आपल्या गावची यात्रा बसेलच असं नाही. खेळ कापायचा तर कुठून? रंगबाजीला हात लावला तर समोरची पोरं खुर्च्या वाजवतात. तिथे लावणीच्या जोडीला सिनेमाची गाणी असतात. गंमत अशी की ३ मे १९१३ला मुंबईच्या कॉरोनेशन थिएटरमध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ लागला, तेव्हा त्याच कार्यक्रमात नृत्य, विनोदी प्रवेश आणि पायांनी वस्तू झेलणारा कसरतपटूही होता. तेव्हा सिनेमाला कसरतीचा आधार घ्यावा लागला होता. आता तमाशाचा बराच वेळ सिनेमाच खातो.

मग कात्री वगावर चालते. काळू-बाळू या जोडीच्या ‘जहरी प्याला’ या वगासाठी लोक मुक्कामाला थांबत; आज तेवढा अवधीच फडाच्या हाती नसतो. पोलीस घड्याळ दाखवतो तेव्हा राजाचा दरबार नुकताच भरलेला असतो.

भिका-भीमा सांगवीकर, आनंद महाजन जळगावकर ही नावं फलकावर लागली की खानदेशात अजून गर्दी होते. पण मोठा फड म्हणजे शंभरावर माणसं, त्यांचं दोन वेळचं जेवण आणि मालाचे ट्रक. कोरोनात २०२० आणि २०२१चे यात्रांचे हंगाम बुडाले, तो खड्डा आहेच. कलावंतांना हंगामाआधी उचल द्यावी लागते आणि ती बरेचदा व्याजानं काढलेली असते. वगात राजा आणि प्रधान करणारा जुना नट अर्धाच प्रवेश करून उतरला तरी त्याची उचल पूर्ण दिलेली असते. दसऱ्याला नवे करार होतात, तेव्हा मॅनेजरला ठरवावं लागतं: त्या नटाला ठेवायचं, की त्याच्या उचलीत नाचणाऱ्या दोन पोरी वाढवायच्या.