‘मॅडम, एक विचारायचं होतं...’

चाकणची सेकंड शिफ्ट सुटते रात्री उशिरा. तो घरी पोचतो तेव्हा बायको झोपलेली; ती सकाळी हिंजवडीला निघते तेव्हा तो झोपेत. त्यात ईएमआयचं टेन्शन. अशात एखाद्या रात्री ‘जमलं नाही’ की डोक्यात भुंगा सुरू: आपल्यातच काही खोट आहे का?

सांगणार कुणाला? मित्रांना सांगितलं तर आठवडाभर कॅन्टीनमध्ये फिरकी. मग उरतात भिंतींवरच्या ‘गुप्तरोग, खात्रीशीर इलाज’वाल्या जाहिराती. वीर्य गेलं की ताकद गेली, ही आपल्याकडची जुनी भीती. १९६० मध्ये डॉ. एन. एन. विग यांनी तिला ‘धात सिंड्रोम’ असं नाव दिलं. अनेकांचं दुकान आजही त्याच भीतीवर चालतं.

मला मात्र इंटरेस्ट आहे तो समोरच्या खुर्चीत. पिंपरीच्या वायसीएमसारख्या सरकारी हॉस्पिटलांतल्या एचआयव्ही तपासणी केंद्रात त्या खुर्चीवर अनेकदा एक बाई असते, समुपदेशक. अनोळखी पुरुषाला त्याच्या संबंधांबद्दल विचारायचं, मॉडेल वापरून कंडोम कसा लावायचा ते दाखवायचं, तेही न लाजता. हा तिचा रोजचा जॉब!

पुण्याला हे अगदीच नवं नाही. केंब्रिजला गणित शिकलेल्या शकुंतला परांजपे १९३८ पासून संततिनियमनाचं काम करत होत्या. १९९१ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळालं. पण नुसत्या धाडसावर हे काम होत नाही, त्याला ट्रेनिंग लागतं. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेने ‘सक्षम’ प्रकल्पातून देशभरातल्या एचआयव्ही समुपदेशकांना ते दिलं.

यात शिकायचं काय? पहिलं म्हणजे स्वतःचा संकोच ओळखणं. ‘वीर्य’ हा शब्द आवाज खाली न आणता उच्चारणं. ऐकलेलं खोलीबाहेर न नेणं. आणि आपलं काम कुठे संपतं ते कळणं. ताठरतेचा त्रास डायबेटिसमुळे, बीपीच्या काही गोळ्यांमुळेही होतो. कधी तो हृदयविकाराची आधीच वाजलेली घंटा असतो. तिथे गप्पा नकोत, डॉक्टर हवा.

सगळ्यात नाजूक धडा सीमारेषेचा. ‘मॅडम, तुमचं लग्न झालंय का?’ असं कुणी विचारलं, पर्सनल नंबर मागितला, तर विषय शांतपणे त्याच्या प्रश्नावर आणायचा. तरी थांबला नाही तर सेशन थांबवायचं. समुपदेशनात स्पर्शाला जागा नाही. तिची सेफ्टी आणि त्याचा विश्वास, दोन्ही याच रेषेवर उभे असतात.

म्हणून पाटी पाहून भुलू नका, पात्रता विचारा. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते. २०२१ च्या केंद्रीय कायद्याने एचआयव्ही आणि कुटुंबनियोजन समुपदेशकांनाही आरोग्य व्यावसायिकांच्या यादीत घेतलं आहे.

आणि बॉस, भुंगा झोपूच देत नसेल तर ‘टेली मानस’चा १४४१६ हा नंबर चोवीस तास, फुकट आहे. कंपनीत हेल्मेटशिवाय लाईनवर जात नाही ना? मग मनाच्या बाबतीत एवढी रिस्क कशाला?