कोळशाचं तेल आणि राखेची झीज

चीनच्या इनर मंगोलियात, ओर्डोसजवळ, शेनहुआ कंपनीचा कोळशापासून थेट तेल काढणारा कारखाना २००८ च्या अखेरीस सुरू झाला. तिथला रिअॅक्टर दोन हजार टनांहून जड आणि जवळपास फूटभर जाडीच्या पोलादी भिंतींचा. एवढं धूड अखंड आणणं शक्य नव्हतं, म्हणून ते जागेवरच जोडलं गेलं. कौतुक त्याचंच होतं. पण अशा कारखान्याची खरी कसोटी लागते ती रिअॅक्टरच्या पुढे बसवलेल्या एका व्हॉल्व्हवर.

कोळसा पिठासारखा दळून तेलात कालवायचा आणि सुमारे ४५५ अंश सेल्सियसला, हवेच्या दाबाच्या १९० पट दाबाखाली त्याला हायड्रोजन द्यायचा, ही इथली रीत. मूळ कल्पना जर्मनीच्या फ्रीडरिख बेर्गिउस यांची, १९१३ च्या सुमाराची. १९३१ मध्ये कार्ल बॉश यांच्याबरोबर त्यांना नोबेल मिळालं. कोळशाचं तेल होतं, राखेचं मात्र काहीच होत नाही. तिच्यातले क्वार्ट्झचे कण साध्या पोलादापेक्षा कठीण असतात आणि ते तेलाबरोबर सगळीकडे फिरतात.

रिअॅक्टरमध्ये प्रवाह संथ असतो, तिथे घासण्यापेक्षा कण तळाशी बसण्याची भीती मोठी. जर्मन कारखान्यांत असे साठलेले दाणे तळातून अधूनमधून काढून टाकावे लागत. शेनहुआने पंपाने ही कोळसा-तेलाची स्लरी सतत फिरती ठेवून कण तरंगते राखले. दाब उतरवणाऱ्या व्हॉल्व्हमध्ये मात्र सगळं उलटं होतं. चिंचोळ्या फटीतून जाताना दाब एकदम कोसळतो, तेलात विरलेला वायू उसळून बाहेर पडतो, वेग प्रचंड वाढतो. झीज वेगाच्या प्रमाणात नव्हे, त्याच्या वर्गाहूनही जास्त वाढते. फट उघडझाप करणाऱ्या प्लगच्या टोकावर आधी बारीक खाच पडते, खाचेतून प्रवाह अधिक जोरात धावतो, खाच आणखी खोल होते, आणि मग व्हॉल्व्ह बंद केला तरी गळत राहतो.

यावरचे उपाय चिवट अनुभवातून आले आहेत. प्लग आणि तो जिथे टेकतो ती सीट टंगस्टन कार्बाइडची करायची. बाहेर पडणारी धार नळीच्या भिंतीवर न आपटता सरळ खालच्या टाकीच्या पोकळीत सोडायची. शेजारी दुसरी लाइन तयार ठेवायची, म्हणजे शटडाउन न घेता व्हॉल्व्ह बदलता येतो. पंपाच्या सीलजवळ स्वच्छ तेल आत ढकलत राहायचं, नळ्यांची वळणं ऐसपैस ठेवायची. शेवटी राख बाहेर काढण्यासाठी निर्वात ऊर्ध्वपातन. तेल वाफ होऊन निघून जातं, राख जड अवशेषात उरते. त्या अवशेषाबरोबर थोडं तेलही वाया जातं, पण तेवढी किंमत मोजावीच लागते.

या कारखान्याची आखणी रोज ६,००० टन कोळशाची आहे. कोळशात राख शेकडा ५ धरली, तरी रोज ३०० टन खनिज या यंत्रांतून जातं. आपल्या वीजकेंद्रांच्या कोळशात शेकडा ३५ राख सहज सापडते. त्याच हिशेबाने २,१०० टन. भारतात कोळशापासून थेट तेल काढण्याच्या गोष्टी होतात, तेव्हा हायड्रोजनच्या खर्चाआधी हा आकडा मांडला पाहिजे. कोळसा नीट धुऊन राख उतरवल्याशिवाय तो या रिअॅक्टरच्या वाटेला पाठवू नये.