इंजिनाचा 'श्वास' कसा मोजतात? गाडीच्या ट्यूनिंगवर पैसे घालण्याआधी हा एक आकडा समजून घ्या

पुण्यात गाड्यांचा नाद असणाऱ्यांना तोटा नाही. नवी गाडी घेऊन चार महिने होतात न होतात तोच कुणीतरी सुचवतं, "एअर फिल्टर बदल, सायलेन्सर बदल, ईसीयू रिमॅप करून घे, मग पिकअप बघ!" सोबत ट्यूनिंगच्या आधीचा आणि नंतरचा ग्राफही दाखवला जातो.

पण ग्राफमधला तो फरक ट्यूनिंगमुळे आला की त्या दिवशीच्या हवेमुळे? हे ओळखायला एक आकडा उपयोगी पडतो. त्याचं नाव व्हॉल्युमेट्रिक एफिशियन्सी, थोडक्यात 'व्हीई'. गाडीतल्या सेन्सरवरून तो काढता येतो. फक्त त्यात एक गोम आहे, ती पुढे बघूच.

व्हीई म्हणजे काय?

पेट्रोल किती जाळायचं हे शेवटी हवेवर ठरतं. जेवढी हवा आत येईल, त्या प्रमाणातच पेट्रोल टाकता येतं.

समजा इंजिन १.२ लिटरचं आहे. म्हणजे सगळे सिलिंडर एकदा पूर्ण भरले, तर १.२ लिटर हवा आत जायला हवी. प्रत्यक्षात तेवढी जात नाही. फिल्टर, थ्रॉटल, व्हॉल्व्ह असे अडथळे वाटेत असतात आणि वेळही कमी असतो. जेवढी जायला हवी त्याच्या किती टक्के हवा खरोखर गेली, ती व्हीई.

पीएमपीची बस डोळ्यासमोर आणा. बसमध्ये जागा भरपूर आहे, पण दार अरुंद आणि बस थांब्यावर क्षणभरच थांबते. मग सगळे कसे चढणार? इंजिनाचंही तसंच. १,५०० आरपीएमला हवा आत घेणाऱ्या एका स्ट्रोकला २० मिलिसेकंद मिळतात, ६,००० आरपीएमला फक्त ५. म्हणून प्रत्येक आरपीएमला व्हीई वेगळी येते.

टर्बो नसलेल्या साध्या पेट्रोल इंजिनात पूर्ण थ्रॉटलला ती साधारण ८० ते ९० टक्के असते. टर्बो इंजिनात हवा दाबून भरली जाते, त्यामुळे बाहेरच्या हवेच्या हिशोबाने ती १०० च्याही वर जाते.

कोणते सेन्सर लागतात?

चार आकडे हवेत: इंजिनाचा आरपीएम, मॅनिफोल्डमधला दाब (मॅप सेन्सर), आत येणाऱ्या हवेचं तापमान, आणि दर सेकंदाला किती ग्रॅम हवा आत गेली ते (मॅफ सेन्सर). ओबीडी पोर्टला ब्लूटूथ स्कॅनर लावला की हे मोबाईलवर दिसतात.

आता गणित करू

इंजिन १.२ लिटर, ३,००० आरपीएम, थ्रॉटल पूर्ण उघडा.

पहिली पायरी: चार स्ट्रोकच्या इंजिनात दोन फेऱ्यांत एकदा हवा भरली जाते. म्हणून १.२ × ३,००० ÷ २ = मिनिटाला १,८०० लिटर, म्हणजे सेकंदाला ३० लिटर.

दुसरी पायरी: हवेची घनता. दाब (किलोपास्कलमध्ये) भागिले ०.२८७ गुणिले तापमान (केल्विनमध्ये). मॅप ९४ आणि तापमान ३५ अंश सेल्सिअस, म्हणजे ३०८ केल्विन, असेल तर घनता येते लिटरला १.०६ ग्रॅम.

तिसरी पायरी: ३० × १.०६ = सेकंदाला सुमारे ३२ ग्रॅम. एवढी हवा जायला हवी होती. मॅफ सेन्सर २७ दाखवत असेल, तर २७ ÷ ३२ = सुमारे ८५ टक्के. ही झाली व्हीई.

एक काळजी घ्या. थ्रॉटल अर्धवट उघडा असताना मॅप ४० असेल, तर गणितातही ४० च धरा. तिथे बाहेरच्या हवेचा दाब धरला, तर चांगल्या इंजिनाची व्हीईसुद्धा ३५-४० टक्के दिसेल आणि उगाच घाबरायला होईल.

गोम इथे आहे

आपल्याकडच्या अनेक छोट्या पेट्रोल गाड्यांत आणि बहुतेक बाईकमध्ये मॅफ सेन्सर नसतो, फक्त मॅप असतो. तरीही काही अ‍ॅप हवेचा आकडा दाखवतात. तो येतो कुठून? अ‍ॅपच्या सेटिंगमध्ये व्हीई आधीच ८०-८५ टक्के अशी धरलेली असते आणि तीच वापरून हवा 'मोजली' जाते. त्या हवेवरून तुम्ही पुन्हा व्हीई काढली, तर अ‍ॅपने घातलेला आकडाच परत मिळणार. इंजिनाबद्दल त्यातून काहीच कळत नाही.

अशा गाडीसाठी ट्यूनर वाइडबँड लॅम्ब्डा सेन्सर वापरतात. हा सायलेन्सरमधल्या धुरावरून हवा आणि पेट्रोलचं प्रमाण सांगतो. लॅम्ब्डा १ म्हणजे प्रमाण बरोबर. ईसीयूच्या टेबलमध्ये व्हीई ८० आहे, लॅम्ब्डा १ मागितला आणि मोजला गेला १.०५, तर हवा अंदाजापेक्षा ५ टक्के जास्त आली. मग नवी व्हीई ८० × १.०५ = ८४. हे मोजताना ईसीयूची आपोआप होणारी दुरुस्ती बंद असावी लागते, इंजेक्टर आणि पेट्रोलचा दाब ठीक असावा लागतो.

इथे लॅम्ब्डाच वापरा. शुद्ध पेट्रोलसाठीचा हवा-इंधनाचा १४.७ हा प्रसिद्ध आकडा २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलला लागू पडत नाही, तिथे तो १३.५ च्या आसपास येतो.

पुण्याची हवा आणि ग्राफ

पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटरवर आहे. चावी फिरवा पण इंजिन सुरू करू नका, मॅप सेन्सर ९४-९५ दाखवेल. मुंबईत तोच १०१ च्या आसपास असतो. म्हणजे त्याच तापमानाला पुण्यात इंजिनाला ६ ते ७ टक्के हवा कमी मिळते.

तापमानाचंही तसंच. जानेवारीच्या सकाळी १२ अंशांची हवा एप्रिलच्या दुपारच्या ३८ अंशांपेक्षा सुमारे ९ टक्के जड असते. 'आधीचा' ग्राफ दुपारी आणि 'नंतरचा' पहाटे काढला, तर काहीही न बदलता गाडी ताकदवान दिसेल. म्हणूनच इंजिन तपासणाऱ्या संस्था ताकदीचा आकडा ठरावीक दाब-तापमानाला सुधारून देतात. व्हीईच्या गणितात दाब आणि तापमान दोन्ही आधीच धरलेले असतात, त्यामुळे हवामानाची फसवणूक तिथे बरीच कमी होते.

चुकलं तर काय होतं?

फिल्टर-सायलेन्सर बदलल्याने हवा वाढली, पण टेबलमधली व्हीई जुनीच राहिली, तर पेट्रोल कमी पडतं. मिश्रण 'लीन' होतं. रोजच्या चालवण्यात ईसीयू थोडं सांभाळून घेतो. पण बऱ्याच गाड्यांतला मूळ ऑक्सिजन सेन्सर फक्त 'कमी' की 'जास्त' एवढंच सांगतो आणि पूर्ण थ्रॉटलला ईसीयू मुख्यतः टेबलवर विसंबतो. भर उन्हात, भरल्या गाडीने खंबाटकी चढताना नेमकी हीच स्थिती येते. मग नॉकिंग, तापमान, आणि शेवटी पिस्टन.

कायद्याचंही भान ठेवा. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार कंपनीच्या मूळ रचनेपेक्षा वेगळे ठरतील असे बदल करता येत नाहीत. वॉरंटीही धोक्यात येते.

पैसे देण्याआधी हे विचारा

• हवा मॅफने मोजली, लॅम्ब्डावरून काढली, की अ‍ॅपने धरली?
• आधीच्या आणि नंतरच्या चाचणीत दाब आणि हवेचं तापमान किती होतं?
• पूर्ण थ्रॉटलला लॅम्ब्डा किती आला? नॉकिंग तपासलं का?
• चाचणी डायनोवर झाली की रस्त्यावर? भर रस्त्यात पूर्ण थ्रॉटल देऊन मोजणं धोक्याचं आहे.

ट्यूनिंग करायचं नसेल तरी हा आकडा कामाचा आहे. त्याच आरपीएमला आणि त्याच थ्रॉटलला व्हीई आधीपेक्षा घसरली असेल, तर फिल्टर तुंबलाय का, मॅफ सेन्सरवर घाण बसलीये का किंवा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर चोंदलाय का, ते आधी बघा. फिल्टर बदलून काम भागत असेल, तर रिमॅपचा खर्च वाचला!